पूनम गेटवर जाताना रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय कसा वाचावा

प्रश्न सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचा आहे. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटवर धरणे धरायला मुले निघाली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडून दाखवला: अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, विरोध करणारा देवाच्या व्यवस्थेला विरोध करतो. मुलांनी उलट विचारले, मग १९३० साली आपल्याच शहरात सरकारविरुद्ध उठलेले लोक पापी होते का? सरकार अगदीच जुलमी झाले तर ख्रिस्ती माणसाने क्रांतीत उतरायचे की नाही? आणि त्या उठावापायी फाशी गेलेल्या चौघांच्या स्मरणदिनी, १२ जानेवारीला, त्यांच्या चार पुतळ्यांपाशी मंडळीने हार घेऊन जावे का?

धरण्याचे उत्तर सोपे आहे. जा. वचनाची त्याला काहीच आडकाठी नाही, आणि का नाही ते खाली येईलच. क्रांतीचे उत्तर मात्र लांब आहे. त्यात घाई केली की दोन्हीकडचे लोक चुकतात, आणि ती चूक शेवटी गरिबाच्या अंगावर येते.

आधी वचन. प्रेषित पौलाने हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमारास लिहिले. रोमच्या गादीवर सम्राट नीरो होता, पण त्याने ६४ साली केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ अजून व्हायचा होता. वाचणाऱ्यांच्या मनात ताजी होती ती ४९ सालची आठवण: सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून हाकलले होते, आणि त्यात प्रिस्किल्ला व अक्विला यांच्यासारखे प्रभूवर विश्वास ठेवणारेही देशोधडीला लागले होते. म्हणजे सरकार म्हणजे काय चीज असते हे या लोकांना नीट ठाऊक होते. पौल भाबडेपणाने लिहीत नव्हता.

दुसरी गोष्ट, अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. ते तेराव्या शतकातले आहेत. आपण १३:१ पासून वाचायला लागतो आणि १२ व्या अध्यायाचा शेवट मागे सोडतो, तिथेच पहिली चूक होते. १२:१९ मध्ये पौल सांगतो, सूड स्वतः उगवू नका. १३:४ मध्ये म्हणतो, अधिकारी हा वाईट करणाऱ्याला शासन करणारा देवाचा सेवक आहे. मूळ ग्रीकमध्ये 'सूड उगवणे' आणि 'शासन करणारा' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. त्याचा मुद्दा असा: जे काम तुझ्या हातात दिलेले नाही ते एका पदाकडे सोपवले आहे, म्हणून तू खाजगी तलवार उचलू नकोस. आणि त्या पदाला त्याने शब्द वापरला आहे 'दियाकोनोस', म्हणजे सेवक. मंडळीत दीकन म्हणतो तोच शब्द. सेवकाला मालक असतो, आणि त्याचे काम कोणते तेही तिथेच सांगितले आहे: 'तुझ्या हितासाठी'. कामाची व्याख्या ठरली की काम बिघडले हे ओळखायचे मापही हातात येते.

आता 'अधीन राहा' हे क्रियापद. ग्रीक शब्द 'हुपोटास्सो', एखाद्याच्या हाताखालची आपली जागा मान्य करणे. इफिसकरांस ५:२१ मध्ये हेच क्रियापद 'एकमेकांच्या अधीन असा' म्हणून आले आहे. तिथे त्याचा अर्थ 'एकमेकांचा प्रत्येक हुकूम पाळा' असा होऊच शकत नाही. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्र यहूद्यांच्या वरिष्ठ न्यायसभेसमोर, सनहेद्रिनसमोर, 'आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' म्हणतो, तिथे आज्ञा पाळण्याचे क्रियापद वेगळे आहे. मात्र या फरकावर फार मोठी इमारत बांधू नये, कारण तीताला ३:१ मध्ये दोन्ही क्रियापदे शेजारीशेजारी आहेत. एवढे मात्र नक्की, की हुकूम नाकारूनही माणूस अधीन राहू शकतो: तो पळून जात नाही, मारामारी करत नाही, शिक्षा भोगतो. देवाची प्रार्थना करायला बंदी आली तरी दानीएलाने प्रार्थनेची खिडकी बंद केली नाही, सिंहांच्या गुहेत टाकायला आले तेव्हा हात उगारला नाही, आणि बाहेर आल्यावर 'महाराज, चिरायू असा' हेच म्हणाला.

पेत्राच्या पहिल्या पत्रातला २:१७ जरा जवळून बघा. चार छोटी वाक्ये आहेत. सर्वांना मान द्या, बंधुवर्गावर प्रीती करा, देवाचे भय धरा, राजाला मान द्या. राजासाठी जे क्रियापद, तेच पहिल्या वाक्यात 'सर्वांसाठी' आहे, म्हणजे भाजीवालीसाठी, गिरणीतल्या बदली कामगारासाठी, परक्यासाठी. भय हा शब्द फक्त देवासाठी राखून ठेवला आहे. सम्राटाला देव मानणाऱ्या साम्राज्यात हे लिहिणे किती धारदार होते, याची कल्पना करा.

आणि प्रेषित वागले कसे? फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निरोप पाठवला, सोडून द्या. पौल गेला नाही. म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारले आणि आता चोरून बाहेर काढता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. आणि अधिकारी आले, विनवणी केली. पुढे कैसरियात रोमी सुभेदार फेस्तापुढे त्याने सरळ कैसराकडे, म्हणजे सम्राटाकडे, दाद मागितली. तेरावा अध्याय लिहिणाऱ्याच माणसाला नागरिक म्हणून हक्क मागण्यात आणि वरच्या कोर्टात जाण्यात अधीनतेचा भंग दिसत नव्हता. धरणे, निवेदन, याचिका या सगळ्या गोष्टी या खात्यात येतात.

इथवर फारसा वाद नाही. खरा वाद पुढे आहे: शिक्षा भोगण्यापुरतेच थांबायचे, की जुलमी सत्ता उलथायची?

जुन्या करारात सत्ता उलथल्याच्या दोन गोष्टी एकाच पुस्तकात, जवळजवळ आहेत, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेची किल्ली तिथे आहे. २ राजे ९ आणि १० मध्ये इस्राएलचा सेनापती येहू. अहाबाचे घराणे दुष्ट होते, येहूला संदेष्ट्याकडून अभिषेक झाला होता, कारण शंभर टक्के खरे होते. तरी काय झाले? रथ दौडवत गेला, दोन राजे मारले, अहाबाच्या सत्तर मुलांची मुंडकी टोपल्यांत भरून मागवली, वाटेत भेटलेले, यहूदाच्या मारलेल्या अहज्या राजाचे नातलगही कापले. आणि नंतर मूर्तिपूजेची सोन्याची वासरे तशीच ठेवली. पुढे होशेय १:४ मध्ये देव म्हणतो, इज्रेलच्या रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याला शासन करीन. कारण बरोबर असूनही रीत बरोबर नव्हती.

आता २ राजे ११. अथल्या राणीने राजवंश मारून गादी बळकावली. वाचलेल्या बाळ योआशाला, खऱ्या वारसाला, मंदिरात लपवले. यहोयादा याजक सहा वर्षे थांबला. सातव्या वर्षी त्याने शतपतींना बोलावले, करार केला, शपथ घेतली, कोणत्या वेशीवर कोण उभे राहील हे नेमून दिले, कायदेशीर वारसाला सर्वांसमोर मुकुट घातला. मंदिरात रक्त सांडू दिले नाही. शहर शांत राहिले. या दोन गोष्टींत फरक कशाचा आहे? पदावर असलेली माणसे, कायदेशीर वारस, उघड करार, मोजकी इजा, आणि ठरवून दिलेला शेवट. ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे दोन हजार वर्षे जे लिहिले ते बहुतेक याच पाच गोष्टींवरचे भाष्य आहे.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनासने म्हटले की जुलमी सत्तेला हलवणे म्हणजे बंड नव्हे, कारण ती सत्ताच लोकहिताविरुद्ध वागून फूट पाडत असते. पण हलवण्याने होणारे नुकसान जुलमापेक्षा जास्त असेल तर मात्र ते पाप. शिवाय जुलमी राजाला एकेकट्या माणसाने उठून मारू नये, ते काम सार्वजनिक अधिकाराचे.

जर्मन धर्मसुधारक लूथरचे उदाहरण दुखरे आहे. १५२५ साली जर्मनीतले शेतकरी उठले. त्यांच्या बारा मागण्या वाचल्या तर त्यात वेठबिगार, चराऊ रान, लाकूडफाटा, आपला पाळक आपण निवडण्याचा हक्क अशा गोष्टी आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकरी मोर्चाला त्या परक्या वाटणार नाहीत. लूथरने आधी सरदारांना झापले, आणि दंगल पेटल्यावर सरदारांना शेतकऱ्यांना कापून काढायला सांगितले. फ्रांकेनहाउसेनला १५ मे १५२५ रोजी शेतकऱ्यांची फौज चिरडली गेली. सगळ्या उठावात मेलेल्यांचा अंदाज लाखाच्या घरात जातो. इतक्या लोकांचे रक्त सांडले हे पाहता तेरावा अध्याय सरदारांच्या हातात देणे ही लूथरची चूकच होती, आणि ती चूक म्हणूनच शिकवली पाहिजे. पण दुसऱ्या टोकाला जर्मनीतलेच म्युन्स्टर शहर आहे. १५३४-३५ मध्ये 'देवाचे राज्य' म्हणून शहर ताब्यात घेणाऱ्यांनी आत जो जुलूम केला, तोही विसरू नये. तिथल्या लाम्बेर्ती चर्चच्या मनोऱ्यावर त्यांच्या पुढाऱ्यांची प्रेते ज्यांत टांगली होती ते तीन पिंजरे अजून आहेत.

याच काळात एक तिसरी वाट निघाली, कनिष्ठ अधिकाऱ्यांची. धर्मसुधारक कॅल्व्हिनने लिहिले, खाजगी माणसाने सहन करावे, देवाची आज्ञा मोडायला लावली तर नकार द्यावा. पण राजाला आवर घालण्यासाठीच जे पदाधिकारी नेमले आहेत ते गप्प बसले तर तो लोकांचा विश्वासघात. १५५० साली जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराच्या पाळकांनी याचे टप्पे पाडले. ते आजही उपयोगी पडतात. वरिष्ठाची किरकोळ चूक असेल तर सोसा. अन्याय गंभीर असला तरी फक्त स्वतःवर असेल तर सोसणे बरे, प्रतिकाराची सक्ती नाही. सत्ता पाप करायला भाग पाडत असेल तर कनिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या हद्दीत आड यावे. आणि सत्ता कायदा व धर्म मुळासकट उपटायला निघाली तर आड येणे हे त्याचे कर्तव्यच. लोक नेहमी पहिल्या टप्प्याच्या तक्रारीला चौथ्या टप्प्याचा उपाय लावतात. नळाला रोज पाणी येत नाही हा राग खरा आहे, पण ते अथल्याचे राज्य नव्हे.

हेच वचन दोन्ही बाजूंनी ओढता येते हे अमेरिकेने दाखवले. बॉस्टनचा पाळक जोनाथन मेह्यू याने १७५० साली तेराव्या अध्यायावरच उपदेश करून म्हटले, जो तुझ्या हितासाठी नाही तो देवाचा सेवकच नाही. मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याने १७७५ साली इंग्लंडविरुद्ध उठणाऱ्या त्याच अमेरिकी वसाहतींना उलटा सल्ला दिला. आणि विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी १९८५ च्या कैरोस निवेदनात एक फार मोलाची गोष्ट सांगितली: अन्याय चालू असताना 'समेट करा' म्हणणारी मंडळी मधली राहत नाही, ती अन्यायाच्या बाजूला बसते.

ज्यांना शस्त्र मुळातच मान्य नाही त्यांचीही जुनी परंपरा आहे. १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीपासून ॲनाबाप्टिस्ट पंथाचे लोक तलवार हातात घ्यायलाच नाही म्हणत आले. ते पळपुटे नव्हेत, त्यांनी मार खाल्ला आहे.

कॅथलिक धर्मशिक्षणात सशस्त्र प्रतिकाराला पाच अटी आहेत, आणि प्रॉटेस्टंट माणसानेही त्या पाठ कराव्यात असे मला वाटते. मूलभूत हक्कांचा भंग निश्चित, गंभीर आणि दीर्घकाळ चाललेला असावा. दुसरे सगळे उपाय संपलेले असावेत. प्रतिकाराने आणखी वाईट अनागोंदी माजू नये. यशाची सकारण आशा असावी. आणि यापेक्षा बरा मार्ग विचार करूनही दिसत नसावा. पाचही एकदम हव्यात. बहुतेक उठाव पहिलीत पास होतात आणि तिसरीत नापास.

आता सोलापूर. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला, जमाव भडकला, कोर्ट आणि पोलीस चौकी पेटली, पोलीस मारले गेले. १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरात मार्शल लॉ. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले.

पाच अटी इथे लावून बघा, पण तुकडे करून. परक्या सत्तेचा अन्याय निश्चित, गंभीर आणि दीर्घ होता. त्यात शंका नाही. संप, मिरवणूक, दारूच्या दुकानांपुढे निदर्शने, मार्शल लॉमध्ये शिक्षा ठाऊक असूनही तिरंगा हातात धरणे, हे सगळे दानीएलाच्या खिडकीच्या जवळ जाते. उघड केले, सोसले, कुणाला इजा केली नाही. जमावाने माणसे मारली ते मात्र या अटींत बसत नाही. दांडीयात्रा संपून जेमतेम महिना झाला होता, दुसरे उपाय संपले नव्हते. आणि त्याचा सूड सात आठवडे सगळ्या शहराने भोगला. त्याचबरोबर निःशस्त्र लोकांवर गोळी चालवणारा अधिकारीही १३:४ च्या व्याख्येत बसत नाही, हे त्याच दमात म्हटले पाहिजे. वडीलधारी मंडळी अर्धे वाक्य बोलतात, तरुण दुसरे अर्धे. दोन्ही एकत्र बोला.

त्या काळी ख्रिस्ती लोकांची अडचण वेगळी होती. परदेशी मिशनऱ्यांकडून राजकारणात न पडण्याचे लेखी वचन घेतलेले असे, आणि मिशनच्या कंपाउंडमध्ये वाढलेल्या आपल्या लोकांनी ते वचन पवित्र शास्त्राचेच समजून घेतले. सोलापुरातल्या सेटलमेंटच्या काटेरी कुंपणाआड जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची रोज हजेरी होत असे, आणि तो गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ पर्यंत टिकला. असल्या कायद्याला 'देवाने नेमलेला' म्हणून मान डोलावणे हा रोमकरांस पत्राचा अर्थ नव्हताच. उलट बाजूलाही माणसे होती. मुंबईचे काका बॅप्टिस्टा टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष होते. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवणारे एस. के. जॉर्ज यांनी कायदेभंगाला पाठिंबा देऊन १९३२ मध्ये नोकरी सोडली.

आज आपल्याकडे वरिष्ठ अधिकार कोणता? कलेक्टर नाही, मंत्री नाही. संविधान. १९५० पासून या देशातला प्रत्येक अधिकारी त्याच्याखाली आहे. म्हणून घटनेबाहेर वागणाऱ्या अधिकाऱ्याला घटनेने अडवणे म्हणजे वरिष्ठ अधिकाराच्या अधीन राहणेच. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावले होते की घटनात्मक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्गच काय, कायदेभंगही सोडावा, ते अराजकाचे व्याकरण आहे. दबावाचे हत्यार म्हणून कायदेभंग वापरणाऱ्यांना हा इशारा अगदी लागू आहे. पण एक दार मी उघडे ठेवतो: हुकूमच पाप करायला सांगत असेल तर नकार द्यावाच लागतो, घटना असो नसो. निर्गम १ मधल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनी मुलगे मारले नाहीत, बस.

मग करायचे काय? समजा गावात घरातली रविवारची प्रार्थना बंद करा असे कुणी सांगून गेले. आधी हुकूम लेखी मागा: कोणी दिला, कोणत्या कलमाखाली. तोंडी धमकी निम्म्या वेळा इथेच विरते. लेखी मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो. लोक त्यात सगळे गाऱ्हाणे ओततात आणि तो परत येतो. उत्तर नाही आले तर तीस दिवसांत पहिले अपील. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकशाही दिन असतो. त्यापुढे संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला आहे. पौलाचा कैसर त्याच्यापासून कितीतरी लांब होता.

मोर्चा असेल तर शहर हद्दीत पोलीस आयुक्तालयाला मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, स्पीकर आणि जबाबदार माणसांचे फोन असलेला अर्ज चार दिवस आधी द्या आणि पोच घ्या. त्या तारखेला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ ची जमावबंदी लागू आहे का ते आधी बघा. पाच किंवा जास्त माणसांनी जमायचे नाही ही अट पुष्कळांना पोलीस ठाण्यात गेल्यावर कळते. लहान मुले पुढच्या रांगेत कधीही ठेवू नका. दगड उचलणारा कोणत्याही बाजूचा असो, तिथल्या तिथे मोर्चा बसवा.

हुकूम मोडायची वेळ आलीच तर एकच हुकूम मोडा आणि बाकी सगळे पाळा. केरळमधली तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, फक्त धर्मश्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. ती उभी राहत होती, याला त्या निकालात वजन मिळाले. मोडण्यापूर्वी घरच्यांना सांगा, वकील ठरवा, आणि किती दिवस आत राहायची तयारी आहे हे प्रामाणिकपणे एकमेकांना विचारा. ज्याच्या घरी तो एकटाच कमावता आहे त्याला भिडेखातर पुढे ढकलू नका.

मंडळीत सरकारी नोकर बरेच असतात. त्यांना राज्य सरकारी नोकरांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियम बांधतात, राजकीय चळवळीत त्यांना उतरता येत नाही. त्यांना कोणी भित्रे म्हणू नये. अहाबाच्या वाड्याचा कारभारी ओबद्या नोकरीतच राहिला आणि शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवून भाकरीपाणी पोचवत राहिला. त्यांची जागा ती: बेकायदा हुकमावर सही न करणे, फाइलवर खरा शेरा लिहिणे, कागद हरवू न देणे. माग्डेबुर्गवाल्यांचा कनिष्ठ अधिकारी म्हणजे हाच माणूस.

राहिला १२ जानेवारीचा हार. जा. हार म्हणजे त्या दिवशीच्या प्रत्येक कृत्यावर शिक्का नव्हे. परक्या सत्तेने घाईघाईने फासावर चढवलेल्या चार सोलापूरकरांचा तो मान आहे, आणि 'सर्वांना मान द्या' हे पेत्राचे पहिले वाक्य आहे. जाताना १ तीमथ्य २ प्रमाणे अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, आणि इब्री १३:३ प्रमाणे बंदिवानांसाठीही, जणू त्यांच्याबरोबर आपणही बंदीत आहोत असे समजून. त्या मेमध्ये मारल्या गेलेल्या पोलिसांचीही बायकामुले होती. त्यांच्यासाठीही एक वाक्य असू द्या. वडीलधाऱ्यांना बरोबर यायला सांगा.